गाणाऱ्याचं मानधन आधी ठरवा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे नागपुरातल्या तरुण गाणाऱ्यांवर एक पूर्ण पान आलं होतं, फोटो छान होते, फुटाळा तलावाच्या काठावर गिटार घेऊन बसलेला मुलगा वगैरे, आणि मजकुरात सगळीकडे आवड, जिद्द, स्वप्न, संघर्ष. वाचून बरं वाटलं पण राहवलंही नाही म्हणून लिहितोय, कारण त्या अख्ख्या पानात एकाही ठिकाणी हे नव्हतं की या पोरांना पैसे कोण देतं, किती देतं आणि कधी देतं. पत्र लांबलंय, तुम्हाला जेवढं छापता येईल तेवढं छापा पण पैशाचा भाग कापू नका ही विनंती.

मी गाणारा नाही, मी साउंडवाला आहे. मानेवाड्यात माझं गोडाऊन आहे, स्पीकर, मिक्सर, माइक, स्टँड, जनरेटर सगळं भाड्यानं देतो आणि मिक्सरवर बहुतेक वेळा मीच बसतो. लग्न, गणपती, कॉलेजचं गॅदरिंग, भजन, भीमजयंती, ऑर्केस्ट्रा, गडचिरोलीतल्या वडश्याकडचं नाटक, सगळीकडे जाणं होतं. आणि साउंडवाल्याला एक गोष्ट दिसते जी समोर बसलेल्या पब्लिकला दिसत नाही, ती म्हणजे कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर पैशाचं काय होतं. मंडपवाल्याला ॲडव्हान्स मिळतो, केटरिंगवाल्याला मिळतो, मला मिळतो, फ्लेक्सवाला तर पैसे घेतल्याशिवाय फ्लेक्स दुकानाबाहेर काढत नाही, आणि जो पोरगा स्वतः गाणं लिहितो, स्वतः चाल लावतो आणि स्वतः गिटारवर म्हणतो, ज्याच्या नावानं तो फ्लेक्स छापलाय, त्याला सांगतात, मानधनाचं नंतर पाहू ना भाऊ. हे मी इतक्या वेळा माझ्या कानानं ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नागपुरात जो कोणी स्वतःची गाणी घेऊन स्टेजवर चढतो त्याचं मानधन कार्यक्रम ठरतानाच ठरावं, कागदावर यावं आणि इतर सगळ्यांसारखं वेळेवर मिळावं.

मी एका मुलाला तो इंजिनीअरिंगला होता तेव्हापासून पाहतोय. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. नंदनवनात घर, वडील नोकरीतून रिटायर, आई घरी शिवणकाम करते. कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, मग बँड फुटला जसे सगळ्या कॉलेजचे फुटतात, एक जण बेंगळुरूला, एक पुण्याला, एक बँकेच्या परीक्षेला, आणि हा एकटाच गिटार घेऊन राहिला. मधे एक-दोन वर्षं मुंबईला जाऊन आला. तिथे खोलीचं भाडंच निघत नव्हतं आणि दिवसभर लोकलमध्ये गिटार सांभाळत फिरायचं, गाणं लिहायला वेळ कुठे, म्हणून परत आला. आल्यावर मला म्हणाला, "दादा, मी जे लिहितो ते इथलंच आहे, तिथे बसून काय लिहू." मला ते पटलं. त्याच्या गाण्यात सीताबर्डीचा पूल आहे, गोकुळपेठचा बाजार आहे, उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं आहे, अर्ध्या ओळी प्रमाण मराठीत आणि अर्ध्या वऱ्हाडीत, आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळतात की ऐकताना कुठे खडा लागत नाही. मी हजारो गाण्यांना साउंड दिलाय, कोणतं गाणं खरं आहे आणि कोणतं ओढूनताणून लिहिलंय एवढं आता समजतं.

त्याचं पोट कशावर चालतं ते सांगतो म्हणजे तुमच्या वाचकांना अंदाज येईल. संध्याकाळी प्रतापनगरात गिटारचा क्लास घेतो. मुलं येतात ती रीलमधलं एखादं गाणं वाजवायला शिकवा म्हणून, सी आणि जी कॉर्डपर्यंत सगळे खूश असतात, एफ आला आणि एका बोटानं सहाही तारा दाबायची वेळ आली की बरेच जण यायचं बंद करतात, जूनमध्ये पुन्हा नवीन बॅच. मग शनिवार-रविवार धरमपेठ, शंकरनगर, आयटी पार्क रोडच्या कॅफेत दोन-अडीच तास वाजवायचं, तिथे फक्त सिनेमाची गाणी. मग लग्नसराईत संगीत आणि हळदीचे कार्यक्रम, सगळ्यात जास्त पैसा तिथेच आणि तोही वर्षातले मोजके महिने. आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात स्वतःची गाणी, ज्यांचे पैसे सगळ्यात कमी आणि ज्यांच्यासाठी हे बाकीचं सगळं चाललंय. घरच्यांना वाटतं पोरगा क्लास घेतो, पाहुण्यांना वाटतं लग्नात गातो, त्याची खरी ओळख काय आहे हे फार थोड्यांना माहीत आहे.

कॅफेचं जरा सविस्तर लिहितो कारण नवीन पोट्टे तिथूनच सुरुवात करतात. कॅफेवाल्याचं म्हणणं असतं की पब्लिकले ओळखीचं गाणं पाह्यजे. ठीक आहे, त्याचा धंदा आहे, मी त्याला दोष देत नाही. पण अडीच तासांत दोन गाणी स्वतःची म्हणू द्या एवढं मागितलं तरी कपाळावर आठी येते. समोर लोक जोरजोरात बोलत असतात, कॉफीच्या मशीनचा आवाज, वाढदिवसाचा केक आला की मधेच गाणं तोडून हॅपी बर्थडे वाजवायचं, आयपीएलची मॅच असली की त्याच दिवशी दुपारी फोन येतो की आज स्क्रीन लावतोय तुम्ही येऊ नका, आणि त्या रद्द झालेल्या दिवसाचा एक रुपया मिळत नाही. मला साउंड सांगून जर कोणी त्याच दिवशी रद्द केला तर मी ॲडव्हान्स परत देत नाही आणि कोणी मागतही नाही, सगळ्यांना तो व्यवहार मान्य आहे. मग गाणाऱ्याला हाच नियम का लागू नाही, त्यानंही त्या तारखेसाठी दुसरं काम सोडलेलं असतं ना.

आता स्वतःचं गाणं बाहेर काढायला काय लागतं. लोकांना वाटतं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि टाकलं. याच्या खोलीत मी गेलोय, भिंतींना रजया लटकवलेल्या, एक कंडेन्सर माइक, माइक लॅपटॉपला जोडायचा एक ऑडिओ इंटरफेस, जुना लॅपटॉप. माइक इतका तेज की कूलरचा आवाज पकडतो, पंख्याचा पकडतो, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात दोन्ही बंद करून, रात्री दीड-दोनला रस्त्यावरचे ट्रक आणि कुत्री शांत झाली की हा घामानं निथळत एकेक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. गिटारचं वेगळंच. आपल्याकडे उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसतं, गिटारच्या दांड्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन बोटांना लागतात, आवाज बदलतो, कधी तर फळीला चीर जाते. कूलरसमोर ठेवावं तर लाकूड ओल धरून फुगतं. जुलै-ऑगस्टमध्ये तारांना गंज चढतो, दर थोड्या दिवसांनी नवीन सेट. म्हणून हा गिटारच्या केसमध्ये ओला स्पंज डबीत घालून ठेवतो आणि तान्ह्या लेकरासारखा दिवसातून दोनदा उघडून पाहतो. ट्रॅक झाला की मिक्सिंग-मास्टरिंगला, म्हणजे आवाज नीट जुळवून घ्यायला, बाहेर पाठवायचा, त्याचे पैसे, कव्हरच्या चित्राचे पैसे, मग डिस्ट्रिब्युटरची वर्षाची फी भरून सगळ्या ॲपवर गाणं चढवायचं. हे सगळं लग्नात कमावलेल्या पैशातून.

आणि परत काय येतं. स्पॉटिफाय हे गाणी ऐकायचं ॲप आपल्या देशात २०१९ च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा या पोरांना फार आशा वाटली होती की आता कुठल्या कंपनीच्या दारात जायला नको. ते खरंही आहे, आज नंदनवनातल्या खोलीतलं गाणं न्यूजर्सीतला मराठी माणूस त्याच दिवशी ऐकू शकतो, ही साधी गोष्ट नाही. पण पैशाचा हिशेब वेगळा आहे, तिथे एकदा ऐकल्याचा ठरलेला भाव नसतो, जमलेल्या उत्पन्नातला साधारण दोन तृतीयांश वाटा हक्कदारांचा आणि तो एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा हिस्सा त्याप्रमाणे वाटला जातो, म्हणजे मोठ्या सिनेमाच्या गाण्यांचा ढीग आधी. २०२४ पासून तर असं झालंय की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं १००० वेळा वाजलं नाही तर ते पैशाच्या हिशेबात धरतच नाहीत. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातीचा पैसा सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास लोकांनी पाहिलेलं लागतं. वऱ्हाडी-मराठी गाण्याला ऐकणारे आहेत पण ते अजून विखुरलेले आहेत, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो तेव्हा त्यात एका तारांच्या सेटचे पैसे निघाले तरी हा पार्टी देतो. म्हणून मी म्हणतो की आज तरी अशा गाणाऱ्याची खरी कमाई समोर बसलेल्या माणसांकडूनच होणार, लाइव्ह कार्यक्रमातूनच होणार, आणि तीच आपण त्याला देत नाही.

हक्काबद्दलही लिहायला पाहिजे, कारण इथे पोरं फसतात. याला एका म्युझिक कंपनीचा करार आला होता, गाणं आवडलं, व्हिडिओ आम्ही करू, बदल्यात सगळे हक्क कायमचे आमचे. तो कागद घेऊन माझ्याकडे आला, आम्ही दोघं मिळून ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो आणि त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक नवीन गाणाऱ्याला माहीत असायला हवं असं मला वाटलं. गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात, एक शब्द आणि चाल, दुसरी रेकॉर्डिंग. जो स्वतः लिहितो, स्वतः चाल बांधतो आणि स्वतःच्या पैशानं रेकॉर्ड करतो त्याच्याकडे दोन्ही असतात, आणि त्यासाठी कुठे नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, गाणं तयार झालं की हक्क तयार झाला. शब्द-चालीचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, ज्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी जोर लावला होता, तिच्यामुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा करारानं काढून घेताच येत नाही, तो फक्त वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीलाच देता येतो. आणि हक्क दिल्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून आहे, तिचं सभासद होऊन आपली गाणी नोंदवली तर रेडिओवर, हॉटेलात, ॲपवर वाजलेल्याचा वाटा येऊ शकतो. आपल्याकडच्या किती पोरांनी हे केलंय, विचारून पाहा. लग्नाचं मात्र वेगळं आहे, लग्न आणि त्याला जोडून होणाऱ्या समारंभात वाजवलेल्या गाण्याला कायद्यानंच सूट आहे, तिथे गाण्याच्या मालकाला काही मिळत नाही, म्हणजे जो समोर गातो त्याची फी हीच एक कमाई आणि तीच बुडवली तर मग काहीच नाही. याने तो करार परत पाठवला. कंपनीनं पुन्हा फोन केला नाही. ते गाणं आजही त्याचंच आहे.

काही वडीलधारी मंडळी मला म्हणतात, हे गिटार घेऊन स्वतःचंच गाणं म्हणायचं फॅड बाहेरून आलंय, आपल्याकडे कुठे होतं. मला हे ऐकून वाईट वाटतं कारण हे म्हणणारे त्याच विद्यापीठात शिकलेत ज्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराजांनी काय केलं, हातात खंजिरी, शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा, आणि समोर अख्खं गाव. १९४२ च्या चिमूरच्या लढ्यामागे त्यांची भजनं होती म्हणून इंग्रजांनी त्यांना धरलं, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, एका गाणाऱ्याच्या शब्दाला सरकार इतकं घाबरलं. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले ते स्वतः लिहिलेली गाणी घेऊन, आणि बाबासाहेबांचा विचार ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या घरापर्यंत त्या गाण्यांनी नेला. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या आजूबाजूला जाऊन पाहा, लाखो लोक येतात आणि पुस्तकांबरोबर गाणी विकत घेऊन जातात, आधी कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह, खिशात थोडके पैसे असलेला माणूसही गाण्याला पैसे देतो. वाद्य बदललं एवढंच, खंजिरी-दिमडीच्या जागी सहा तारांची गिटार आली. कोलकात्यात १९९२ मध्ये सुमन चट्टोपाध्याय, ज्यांना पुढे कबीर सुमन म्हणू लागले, ते रोजच्या आयुष्याची स्वतःची बंगाली गाणी गिटारवर म्हणू लागले आणि तिथल्या मध्यमवर्गानं त्यांना डोक्यावर घेतलं, त्यांच्या मागून अशा गाणाऱ्यांची एक पिढी आली. मराठीतही संदीप खरे-सलील कुलकर्णी यांच्या कविता-गाण्यांच्या कार्यक्रमाला लोकांनी वर्षानुवर्षं तिकीट काढलंय, नागपूरकरांनीही काढलंय. म्हणजे सवय नाही असं नाही.

आणि तिकिटाचं म्हणाल तर आपल्या विदर्भासारखं उदाहरण मला कुठे दिसत नाही. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावजत्रा भरते, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्र रात्र नाटकं होतात, वडश्यात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथे तारखा बुक होतात, नटाला, गाणाऱ्याला, तबल्याला, सगळ्यांना ठरलेले पैसे. धान कापून आलेला शेतकरी थंडीत शाल गुंडाळून बायको-लेकरांसकट तिकीट काढून बसतो आणि गाणं आवडलं की पुन्हा म्हणायला लावतो. २०२३ साली या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा साउंडवाल्यांनाही अभिमान वाटला होता. मी तिकडे साउंड घेऊन गेलोय, पावती फाडताना कोणी कुरकुर केलेली मला आठवत नाही. आणि इथे नागपुरात, मेट्रो असलेल्या, मॉलमध्ये सिनेमाला तीन-चारशे रुपये देणाऱ्या शहरात, दोनशे रुपयांचं तिकीट लावलं तर फोन येतात, "भाऊ, पास आहे का?" ओळखीतले लोक पास मागतात याचं मला सगळ्यात जास्त दुःख होतं, अरे तुम्हीच तर पहिले तिकीट काढायला पाहिजे ना.

मोठे मोफत कार्यक्रम होतात त्याबद्दल माझी तक्रार नाही. खासदार सांस्कृतिक महोत्सवाला ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर जी गर्दी होते ती पाहून कोणालाही आनंद होईल, सामान्य माणसाला मोठे कलाकार समोर पाहायला मिळतात. माझं दुखणं मंडळांच्या आणि संस्थांच्या लहान कार्यक्रमांत आहे, जिथे स्थानिक कलावंताला संधी म्हणून बोलावतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा सत्कार, प्रास्ताविक, चार भाषणं, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमानं रात्री १० ला स्पीकर बंद करावा लागतो, तो मलाच करावा लागतो, तर साडेनऊला या पोराला स्टेजवर सोडतात. साउंडचेक दुपारी झालेला असतो, तोवर गिटारच्या तारा उतरलेल्या, त्या लावायलाही वेळ देत नाहीत, कोणीतरी विंगेतून हात करतं की आटप. एका वार्षिक कार्यक्रमात तर दुसऱ्या गाण्याच्या मधेच एक पाहुणे उठले म्हणून आयोजकांनी मला आवाज कमी करायला लावला. शेवटी शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. ज्या दुकानातून ते स्मृतिचिन्ह आलं त्याचं बिल रोख दिलं होतं, मी तिथेच उभा होतो. पोराला पेट्रोलचेही पैसे मिळाले नाहीत. तो काही बोलला नाही, मला केबल गुंडाळायला मदत करत राहिला, आणि मी त्याला स्टँड उचलून देऊ नको म्हणालो तेव्हा म्हणाला, "दादा, राहू द्या, हातांना काहीतरी काम पाहिजे."

जे मुलींच्या वाट्याला येतं ते याहून अवघड आहे. नागपुरात स्वतः लिहून गाणाऱ्या चांगल्या मुली आहेत, मी त्यांना साउंड दिलाय, पण रात्रीचा कार्यक्रम म्हटला की घरून भाऊ किंवा वडील सोबत येणार, कॅफेत कोणी चिठ्ठी पाठवणार, कोणी मोबाइल धरून अगदी जवळ उभा राहणार, आणि ठिकाणाचे मालक त्यावर काही बोलत नाहीत. ठरलेली वेळ, ठरलेली फी, परत जायची सोय, एवढं आधी लिहून दिलं तर कितीतरी घरांतून परवानगी मिळेल.

आणखी एक अडचण जागेची. सुरेश भट सभागृह आहे, वसंतराव देशपांडे सभागृह आहे, दोन्ही चांगली, पण एका गिटारच्या कार्यक्रमाला हजार-दोन हजार खुर्च्या काय करायच्या, भाडंही झेपत नाही आणि अर्धं सभागृह रिकामं दिसलं की गाणाऱ्याचा धीर जातो. अशा गाण्याला शंभर-दीडशे माणसांची खोली लागते जिथे शब्द ऐकू येतो. मी साउंडवाला असून सांगतो, तिथे मोठा साउंड नकोच, दोन स्पीकर, एक माइक, गिटार थेट मिक्सरला जोडायला एक डीआय बॉक्स, बास जरा कापला की गिटार घुमत नाही, संपलं. विदर्भ साहित्य संघाचं झाशी राणी चौकातलं संकुल आहे, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह आहे, कॉलेजांचे सेमिनार हॉल संध्याकाळी बंद असतात, काही जुन्या वाचनालयांच्या वरच्या मजल्यावर छान खोल्या आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ, दोन गाणारे, फक्त स्वतःची गाणी, तिकीट लावून. बर्डीला मेट्रोनं कुठूनही येता येतं. लोक काव्यवाचनाला बसतात, शास्त्रीय बैठकीला दोन-दोन तास मांडी घालून बसतात, इथेही बसतील असं मला वाटतं, निदान बसवून तर पाहू.

पोरांना लोक नेहमी एकच उदाहरण देतात, स्वतः लिहून गाणारा जयपूरचा प्रतीक कुहाड पाहा, बराक ओबामांच्या २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं गाणं आलं. छानच झालं त्याचं. पण गावातला एखादा मुलगा आयएएस झाला म्हणून बाकीच्यांना पगार द्यायचा नाही असं आपण म्हणतो का. माझ्या या मुलाला ओबामाच्या यादीत यायचं नाहीये, त्याला आईचं शिवणकाम थांबवायचंय आणि क्लासच्या बॅच निम्म्या करून लिहायला सकाळ मोकळी ठेवायचीय, एवढीच त्याची करिअरची व्याख्या आहे, आणि हे व्हायला महिन्याला चार-पाच नीट पैसे देणारे कार्यक्रम पुरतात. एवढ्या मोठ्या शहरात चार-पाच.

तुमच्या पेपरकडून मला काय हवंय ते लिहितो. एक तर शहरातल्या कार्यक्रमाची बातमी छापताना पाहुण्यांची नावं दोन ओळी भरून असतात आणि ज्याचं गाणं झालं त्याचं नाव नसतं, किंवा स्थानिक कलावंतांनी रंगत आणली असं असतं. गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, हे एका ओळीत छापा. दुसरं, या गाण्यांचं परीक्षण छापा. पूर्वी संगीत सभांवर पेपरात सविस्तर लिहून यायचं, कोणता राग जमला, कोणता नाही, हे वाचून आम्ही कानाला वळण लावलंय. तसंच या पोरांच्या गाण्यावर लिहा, ओळ कच्ची असेल तर कच्ची म्हणा, चाल कुठूनतरी उचललेली वाटली तर तसं स्पष्ट म्हणा, त्यांना कौतुकाचा कंटाळा आलाय, प्रत्येक जण छान छान म्हणतो आणि पैसे देत नाही. ज्याच्या कामावर कोणी गंभीरपणे टीका करतं त्याचं काम लोक गंभीरपणे घेतात आणि मग मानधन मागताना त्याला खाली मान घालावी लागत नाही. आणि ज्या संस्थांच्या कार्यक्रमाची तुम्ही प्रसिद्धी करता त्यांना एकदा विचारा की कलावंताला किती दिले.

माझ्या बाजूनं जे करता येईल ते इथे जाहीर लिहून देतो. शहरात कोणीही, संस्था असो, वाचनालय असो, कॉलेज असो, शे-दीडशे माणसांत स्वतःच्या गाण्यांचा तिकीट लावून कार्यक्रम ठेवत असेल तर साउंड माझा, ॲडव्हान्स घेणार नाही. अट एकच, तिकिटाच्या पैशातून आधी गाणाऱ्याची ठरलेली रक्कम त्याच्या हातात द्यायची, त्यानंतर जे उरेल त्यातून माझं भाडं, आणि कमी पडलं तर कमी घेईन. गाणाऱ्याशी झालेला ठराव कागदावर दाखवावा लागेल, साधं पत्र चालेल, तारीख, वेळ, रक्कम आणि सही. माझा फोन नंबर तुमच्या कार्यालयात देऊन ठेवलाय, कोणी विचारलं तर द्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नं असतात म्हणून शनिवार-रविवार कठीण जातं, पण मंगळवार, बुधवार, गुरुवार मी मोकळा आहे.

आपला नम्र,
एक साउंडवाला, मानेवाडा, नागपूर